तेल आणि हात

एका रविवारची गोष्ट. दुसरी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर धर्मग्रामस्थांशी बोलत उभे होतो. दोन महिन्यांपूर्वी जिच्या बाळाला आम्ही बाप्तिस्मा दिला होता, ती तरुण माता बाळाला छातीशी धरून पुढे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "फादर, बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही बाळाला लावलंत ते तेल ऑलिव्हचंच होतं ना?" आम्ही होकार दिला. "मग रोज आंघोळीआधीही तेच लावलेलं बरं, नाही का? आमच्या सासूबाई म्हणतात, घरचं खोबरेल असताना एवढं महागाचं तेल कशाला?" सासूबाई दोन पावलांवर उभ्या होत्या. निवाडा कोणाच्या बाजूने लागतो, इकडे त्यांचेही लक्ष होते.

'बाळाच्या डॉक्टरांना विचारा' असे हसून सांगत आम्ही वेळ मारून नेली. परंतु प्रश्न काही पायऱ्यांवर राहिला नाही. तो आमच्यामागून निवासात आला. वरवर पाहता तो न्हाणीघरातला प्रश्न. तथापि त्याच्या पोटात आणखी तीन प्रश्न दडलेले आम्हांला दिसले. हे तेल अंगाला आणि केसांना खरोखर हितकर आहे काय? ते पवित्र विधीत वापरले जाते म्हणून त्याला काही वेगळा गुण येतो काय? आणि जो देह एक दिवस मातीला मिळणार, त्याची इतकी निगा राखणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? आज या तिन्ही प्रश्नांचा आपण मिळून विचार करू.

प्रथम या तेलाचे घर पाहू. पवित्र बायबलच्या मराठी भाषांतरांत ज्याला जैतून म्हटले आहे, तेच हे ऑलिव्हचे झाड. कोरडा उन्हाळा आणि ओला हिवाळा असलेल्या भूमध्य समुद्राच्या काठी ते शतकानुशतके तग धरून उभे असते. तिथल्या माणसाला त्याने अन्न दिले, दिव्याला ज्योत दिली आणि उन्हावाऱ्याने रापलेल्या कातडीला ओलावा दिला. साबण रोजच्या वापरात नव्हता, त्या काळी ग्रीक लोक अंगाला हे तेल चोळीत आणि मग धातूच्या वाकड्या पट्टीने तेल, घाम व धूळ एकत्र खरवडून काढीत. ते खरवडलेले तेलसुद्धा औषध म्हणून भारी किमतीला विकले जाई, अशी नोंद पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने केली आहे. शंभरी ओलांडलेल्या पोलिओ नावाच्या गृहस्थाला सम्राट ऑगस्टस याने त्याच्या जोमाचे रहस्य विचारले, तेव्हा त्याने पोटात मधमिश्रित द्राक्षारस आणि अंगावर तेल हे कारण सांगितले, अशी आख्यायिकाही प्लिनीच देतो. आरोग्याच्या हमखास उपायांचा शोध आजचा नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

इस्राएली लोकांच्या जीवनातही तेल असेच रोजचे होते. बवाजाच्या खळ्याकडे निघण्यापूर्वी स्नान करून अंगाला तेल लाव, असे नामी आपल्या सुनेला, रूथला, सांगते. बाळ दगावल्यावर दावीद राजा जमिनीवरून उठतो, स्नान करतो, तेल लावतो आणि मग मंदिरात जातो. तेल न लावणे ही शोकाची खूण होती, लावणे ही जगण्याकडे परतल्याची. अनुवादाच्या पुस्तकात अवज्ञेची फळे सांगताना एक विलक्षण शिक्षा येते: देशभर जैतुनाची झाडे असतील, पण फळे गळून जातील आणि अंगाला लावायला तेल मिळणार नाही. आपल्या वसईच्या वाडीत माडांची रांग उभी असावी आणि घरात बोटभर खोबरेल नसावे, तसे हे. ज्या गेथशेमाने बागेत प्रभू येशूने व्याकूळ होऊन प्रार्थना केली, त्या नावाचा अर्थच मुळी तेलाचा घाणा असा आहे.

आता पहिला प्रश्न. ऑलिव्ह तेल अंगाला हितकर आहे काय? ज्या तेलाचा बायबलमध्ये एवढा गौरव झाला, त्याच्याविषयी विज्ञानाने काही वेगळे सांगितले तर आपला जीव थोडा खट्टू होतो. परंतु सत्याला भिण्याचे आपल्याला कारण नाही. इंग्लंडमधील शेफील्ड येथील संशोधकांनी २०१३ साली एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रौढ स्वयंसेवकांनी हाताच्या कातडीवर काही आठवडे दिवसातून दोनदा ऑलिव्ह तेलाचे थेंब लावले. त्या तेलाने त्वचेचे बाहेरचे कवच बळकट होण्याऐवजी कमकुवत झाले आणि किंचित लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. याचे कारण तेलाच्या घडणीत आहे. ऑलिव्ह तेलाचा अर्ध्याहून अधिक भाग ओलेइक आम्लाचा असतो आणि हे आम्ल त्वचेच्या कवचातील स्निग्ध थरांची घट्ट वीण सैल करते. सूर्यफुलाच्या तेलात बहुधा भरपूर असणारे लिनोलेइक आम्ल त्या विणीला पोषक ठरते. पुढे २०१६ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी ११५ नवजात बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ऑलिव्ह आणि सूर्यफूल या दोन्ही तेलांनी त्वचेत ओलावा अधिक टिकला. परंतु त्वचेची ती आतली वीण तेल न लावलेल्या बालकांत जितकी सुधारली, तितकी तेल लावलेल्यांत सुधारली नाही.

म्हणून तेल वाईट असेही नव्हे. ढाक्यातील एका रुग्णालयात दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेल्या बालकांना सूर्यफुलाचे तेल लावण्यात आले, तेव्हा रुग्णालयात जडणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. कोणते तेल, कोणाच्या कातडीला आणि कोणत्या अवस्थेत, यावर सारे अवलंबून आहे. इसब असलेल्या कातडीला ऑलिव्ह तेल चोळणे हिताचे नाही. कोंड्यावरही ते उतारा नव्हे. कोंड्याशी संबंधित असलेली बुरशी तेलातील स्निग्ध आम्लांवरच पोसली जाते. केसांचे म्हणाल, तर टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तेलाने तो मऊ होतो, विंचरताना कमी तुटतो, चमकतो. तेलाने नवा केस उगवत नाही. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना होती. त्यांतील केवळ खोबरेलानेच केसांतील प्रथिनांची झीज कमी केली. ऑलिव्ह तेल त्या तुलनेत नव्हते, तरीही सासूबाईंना आपली बाजू मांडायला एवढा पुरावा पुष्कळ झाला. बाळाच्या नाकाकानांत तेल सोडण्याची जुनी चाल मात्र डॉक्टर धोक्याची मानतात, हेही त्यांनी ऐकून ठेवावे.

दुसरा प्रश्न पवित्रतेचा. येथे पवित्र सभेचा इतिहास आपल्याला हात धरून वाट दाखवतो. १४३९ साली फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेने, आजाऱ्यांच्या अभ्यंगासाठी बिशपांनी आशीर्वादित केलेले जैतुनाचेच तेल हवे, असे स्पष्ट केले होते. ख्रिस्ती धर्म जसजसा दूरदूरच्या देशांत रुजला, तसतशी एक अडचण पुढे आली. जिथे जैतून उगवत नाही, तिथे हे तेल मिळावे कसे? पुष्कळ बिशपांनी ही अडचण रोमला कळवली आणि ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी, जरूर पडल्यास दुसरे वनस्पतिजन्य तेलही चालेल, असे जाहीर केले. या निर्णयाचा अर्थ मोठा आहे. प्रभूची कृपा एका झाडाला बांधलेली नाही. ज्या देशात जे तेल माणसाच्या अंगाशी नाते सांगते, तेही तिचे वाहन होऊ शकते. घाण्यावर काढलेले खोबरेल त्या मानाला अपात्र नाही. बाप्तिस्म्यात वापरले म्हणून दुकानातल्या डब्यातील तेलाला काही दैवी गुण येतो, असे मानणे ही श्रद्धा नव्हे. बाप्तिस्म्याचे पाणी पवित्र असते म्हणून नळाच्या पाण्याने आजार बरा होत नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि आमच्या मते तोच खरा. देहाला जपणे कोठे संपते आणि देहाला पुजणे कोठे सुरू होते?

आमच्या लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही पुष्कळदा ऐकले की, आत्मा महत्त्वाचा, देहाचे काय कौतुक! या बोलण्यात भक्ती होती, पण पूर्ण सत्य नव्हते. शब्द देही झाला, असे मानणाऱ्यांना देह तुच्छ लेखता येत नाही. 'ख्रिस्त' या नावाचा अर्थच तैलाभ्यंग झालेला असा आहे. कॅथलिक धर्मशिक्षण जीवन आणि आरोग्य यांना देवाने सोपवलेल्या मोलाच्या देणग्या मानते. त्याच वेळी देहालाच दैवत करण्याविरुद्ध ते बजावते. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट यांनी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस याच विषयाला आपल्या ग्रंथात एक प्रकरण दिले होते. सुगंधी लेपांची चैन त्यांनी निषिद्ध मानली, परंतु देहाच्या हितासाठी तेल वापरण्याला मुभा ठेवली.

मग ही रेषा ओळखावी कशी? आम्हांला दोन जागा मदतीला येतात. आमोस संदेष्टा शोमरोनातील सुखवस्तू लोकांवर कोरडे ओढतो. ते उत्तमोत्तम तेले अंगाला लावतात, हे तो बोलून दाखवतो. पण आपल्याच बांधवांच्या नाशाबद्दल त्यांना दुःख नाही, हा त्याचा आरोप. तेल गुळगुळीत असते, तसे त्यांचे मन गुळगुळीत झाले आहे. कोणाचे दुःख त्यावर ठरत नाही. दुसरी जागा डोंगरावरील प्रवचनातली. उपवास करणाऱ्याने तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे, असे प्रभू येशू सांगतो. उपवासाच्या दिवशीदेखील तेल! का? तर आपल्या तपाचे प्रदर्शन होऊ नये म्हणून. एकाच तेलाने एकजण दुसऱ्याच्या दुःखाला पारखा होतो आणि दुसरा आपले कष्ट कोणाला न दाखवता हसतमुखाने चारचौघांत वावरतो. आरशासमोर आपण किती वेळ घालवतो, यावरून ही रेषा ठरत नसावी. आरशापासून वळल्यावर आपल्याला कोण दिसते, यावरून ती ठरत असावी.

किमतीचा मुद्दाही विचारात घ्यायला हवा. बेथानीच्या घरात एका स्त्रीने प्रभूवर जटामांसीचे बहुमोल सुगंधी तेल ओतले, तेव्हा यहूदा इस्कार्योताने ३०० दीनारांचा हिशेब मांडला. जटामांसी उगवते ती हिमालयात. म्हणजे यरुशलेमच्या परिसरात आपल्याकडचे तेल परदेशी आणि महाग होते, जसे आज आपल्याकडे तिकडचे आहे! प्रभूने त्या खर्चाला दोष दिला नाही. म्हणून महाग तेल विकत घेणे हे पाप आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ते कोणासाठी घेतले आणि कोणाला लावले, एवढेच विचारू.

हे विचारण्याचा अधिकार आम्हांला आहे काय, अशी शंका मात्र आम्हांला छळते, कारण या परीक्षेत आम्ही स्वतः एकदा नापास झालो आहोत.

धर्मगुरू होऊन आम्हांला चार-पाच वर्षे झाली होती. धर्मग्रामातील एका वृद्धाला रुग्णाभ्यंग देण्यासाठी आम्हांला बोलावणे आले. पत्नी वारलेली, मुलगी आखातात नोकरीला. शेजारीण दोन वेळचे जेवण आणून देई. आम्ही प्रार्थना म्हटली, त्यांच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावले. विधी संपला, तेव्हा त्यांनी अंगावरची चादर बाजूला सारली आणि म्हणाले, "फादर, पायांना?" त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांना शेवटचा अभ्यंग झाला, तेव्हा धर्मगुरूंनी पायांनाही तेल लावलेले त्यांनी पाहिले होते. त्यांचे म्हणणे खरे होते. जुन्या विधीत डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय अशा क्रमाने अभ्यंग होत असे. आम्ही सेमिनरीत शिकलेलो. आम्ही त्यांना समजावून सांगितले की, नवीन विधीत कपाळ आणि हात पुरेसे आहेत, संस्कार पूर्ण झाला, काही राहिले नाही. ते "बरं, फादर" म्हणाले आणि त्यांनी चादर पुन्हा ओढून घेतली.

आमचे उत्तर अचूक होते. परंतु त्या क्षणभरात आम्ही त्यांचे पाय पाहिले होते. नडग्यांची कातडी कोरड्या तळ्याच्या मातीसारखी भेगाळलेली, खाजवून खाजवून लाल झालेली. आणि डोक्याशी असलेल्या फळीवर, मुलीने पाठवलेला ऑलिव्ह तेलाचा डबा होता. त्याचे झाकणही उघडलेले नव्हते. ज्याला स्वतःच्या पायांपर्यंत वाकता येत नाही, त्याने तो उघडून करायचे काय? ते संस्कार मागत नव्हते. निदान केवळ संस्कार मागत नव्हते. आम्हांला दुसऱ्या घरी जायचे होते. आम्ही घड्याळ पाहिले आणि निघालो.

चार दिवसांनी आम्ही त्यांच्या अंत्यविधीला गेलो. डबा फळीवर तसाच होता. मुलीने तो किती मायेने घेतला असेल! परदेशातून प्रेम पाठवता येते, तेलही पाठवता येते. हात पाठवता येत नाही. तो हात आमचा होऊ शकला असता. पाच मिनिटांचे काम होते.

त्यानंतर बेथानीची ती कथा आम्ही वेगळ्या नजरेने वाचू लागलो. आपल्या दफनाची तयारी हिने आधीच केली, असे प्रभू येशू त्या स्त्रीविषयी म्हणतो. पुढे रविवारी पहाटे इतर स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे गेल्या. त्यांचे प्रेमही काही उणे नव्हते. परंतु त्यांच्या हातांतील द्रव्ये तशीच राहिली, कारण ज्याला ती लावायची तो तेथे नव्हता. जिवंत देहाला वेळेवर तेल लागले ते एकाच स्त्रीच्या हातून. शोमरोनी माणसाविषयी आपण प्रवचनातून पुष्कळ ऐकतो. त्यानेही जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमा बांधल्या, पण त्याआधी तो वाटेत थांबला. याजक आणि लेवी यांच्यापाशी तेल नव्हते असे लूक कोठेच म्हणत नाही. ते थांबले नाहीत, एवढेच तो सांगतो. आम्ही याजक आहोत, म्हणून ही ओळ आम्हांला अधिक बोचते.

तेव्हापासून आजाऱ्यांकडे जाताना आमच्या पिशवीत पवित्र तेलाच्या कुपीबरोबर खोबरेलाची एक छोटी बाटली असते. संस्कार आटोपला की आम्ही विचारतो, हातापायांना लावू का? पुष्कळजण संकोचतात, फादरांनी पायांना हात लावावा हे त्यांना बरे वाटत नाही. मग आम्ही घरातल्या नातवाला बोलावतो आणि बाटली त्याच्या हातात देतो. डॉक्टरांनी मना केले असेल किंवा जखम असेल, तर नुसते हात हातांत घेऊन बसतो.

वाचकहो, वृद्धांची कातडी कोरडी पडते, रात्री खाजते, झोप लागत नाही. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच सोसणाऱ्या तेलाचा पातळ हात फिरवला, तर तो ओलावा काहीसा टिकतो. एवढ्याशा गोष्टीसाठी आपल्या घरांतली किती माणसे कोणाची तरी वाट पाहत असतील! लहान बाळाला तेल लावायला घरात चार हात पुढे येतात. त्या बाळाच्या आजीचे गुडघे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसतात.

त्या मातेला आम्ही पुढच्या रविवारी गाठले. बाळाला काय लावायचे ते डॉक्टर ठरवोत, खोबरेल सोसत असेल तर तेच पुष्कळ झाले आणि पवित्रतेच्या नावाखाली महाग डबा घेण्याचे कारण नाही, असे आम्ही तिला सांगितले. सासूबाई मनोमन सुखावलेल्या दिसल्या. मग आम्ही त्या तरुणीला विचारले, घरात आणलेल्या त्या ऑलिव्ह तेलाच्या डब्याचे आता काय करणार? ती गोंधळली. सासूबाईंच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहत आम्ही म्हणालो, यांनी तुझ्या नवऱ्याला न्हाऊमाखू घातले, आता तुझ्या बाळाला घालतात. यांच्या गुडघ्यांना तेल कोण लावते?

दोघीही काही बोलल्या नाहीत. सासूबाईंनी पदर सावरला आणि बाळाला सुनेच्या हातून आपल्याकडे घेतले. सुनेचे हात मोकळे झाले.